लॅपटॉप गेटबाहेर जातो तेव्हा...

आमच्या लेडीज होस्टेलच्या गेटवर एक रजिस्टर असतं. कोण किती वाजता बाहेर गेलं, कुठे गेलं, कधी परत आलं, सगळं त्यात लिहायचं. पाच मिनिटं झेरॉक्सला गेलात तरी सही. साडेनऊनंतर आलात तर रेक्टर मॅडमसमोर परेड! इतकी कडक व्यवस्था. पण सेकंड इयरला असताना याच गेटमधून माझा लॅपटॉप बाहेर गेला, तीन दिवस बाहेर राहिला, आणि त्याची नोंद कुणीच केली नाही. मीसुद्धा नाही.

झालं असं, की लॅपटॉप सुरू व्हायला सात-आठ मिनिटं घ्यायचा. मी बटण दाबून आंघोळीला जायचे, परत येऊन बघते तर ते गोल चाक फिरतंच आहे! सबमिशन चार दिवसांवर आलेलं. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, "बॉईज होस्टेलला दे ना, तिथे एक जण फॉरमॅट मारून देतो." प्रत्येक कॉलेजात असा एक 'डॉक्टर' असतोच. फी म्हणाल तर दोन वडापाव आणि एक कटिंग. मी लॅपटॉप बॅगेत भरला, चार्जर भरला, आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी सरळ कीबोर्डवर चिकटवली.

तीन दिवसांनी लॅपटॉप परत आला. चांगला पळायला लागला होता, खोटं कशाला बोलू. मी थँक्स म्हटलं. तो म्हणाला, "काही नाही गं, त्यात काय एवढं. आणि हां, तुझ्या ताईच्या लग्नाचे फोटो मस्त आलेत."

मुलगा वाईट नव्हता. आजही नाही. डेटा कॉपी करताना फोल्डर उघडलं असेल, फोटो दिसले असतील, बोलून गेला. पण मी कॉरिडॉरमध्ये तशीच उभी राहिले. त्या लॅपटॉपमध्ये नुसते लग्नाचे फोटो नव्हते. माझी डायरी होती (हो, मी डायरी टाइप करते, हसू नका), आधार कार्डाचा स्कॅन होता, बँकेची स्टेटमेंट्स होती, मेल उघडाच होता. आपण खोलीला कुलूप लावतो, कपाटाला वेगळं कुलूप लावतो, बादलीवरसुद्धा ऑइल पेंटने नाव लिहितो. आणि ज्याच्यात आपलं सगळं आहे ती वस्तू चिठ्ठीसकट दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होतो!

त्या दिवसापासून माझं एक मत झालंय, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख. आपल्या लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं हे इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, आणि त्यातही प्रत्येक विद्यार्थिनीला, स्वतःच्या हाताने आलंच पाहिजे. कॉम्प्युटरवाल्यांना आणि सिव्हिलवाल्यांनाही.

(एक कबुली आत्ताच देते. मी केजीपासून कॉन्व्हेंटची. बाबा तालुक्याच्या शाळेत मराठीचे शिक्षक आणि मुलगी कॉन्व्हेंटला, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. तेव्हा शुद्धलेखनात काही चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

तर त्या 'डॉक्टर'ने नक्की काय केलं होतं, हे मला वर्षभराने कळलं. त्याने क्रॅक केलेली विंडोज टाकली होती आणि ती चालावी म्हणून एक ॲक्टिव्हेटर. असले ॲक्टिव्हेटर चालवायची पहिली पायरी काय असते माहितीय? 'आधी अँटिव्हायरस बंद करा!' म्हणजे वॉचमनला घरी पाठवून मग अनोळखी माणसाला आत घ्यायचं. चोराच्या हाती जामदारखाना म्हणतात तो हाच. आणि गंमत बघा, माझ्या लॅपटॉपला क्रॅकची गरजच नव्हती. लॅपटॉप घेताना विंडोज १० त्याच्याबरोबरच आली होती. अशा लॅपटॉपचं लायसन्स त्या मशीनशीच बांधलेलं असतं, त्याची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. अधिकृत साइटवरून विंडोजची तीच एडिशन फुकट उतरवून टाकली असती, तरी ती आपोआप ॲक्टिव्हेट झाली असती. म्हणजे आम्ही स्वतःच्याच घरात खिडकीतून चोरासारखे शिरत होतो, खिशात किल्ली असताना! आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? मला नव्हतं. 'डॉक्टर'लाही नव्हतं.

मग २०२५ चा ऑक्टोबर आला. २०१५ च्या जुलैमध्ये बाजारात आलेल्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बऱ्याच जणींना वाटलं की आता लॅपटॉप बंदच पडणार. तसं काही होत नाही. लॅपटॉप दुसऱ्या दिवशीही चालू होतो. फक्त सिस्टीममध्ये पुढे जी भोकं सापडतील ती बुजवणारे अपडेट्स येणं थांबतं. ज्यांनी रीतसर नोंदणी केली त्यांना घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट्स मिळण्याची सोय ठेवली गेली.

पुढची पायरी विंडोज ११. ती ऑक्टोबर २०२१ पासून आहे. पण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर, एखाददुसरा अपवाद सोडून, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. या अटींना काही अर्थच नाही असं मी म्हणणार नाही. टीपीएममध्ये पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या वेगळ्या जपून ठेवता येतात, त्यामुळे लॅपटॉप चोरीला गेला तरी आतला डेटा हाती लागणं कठीण होतं. मला स्वतःला ते पटतं. पण माझा लॅपटॉप बाबांनी २०१८ मध्ये घेतलेला, सातव्या पिढीचा. एका पिढीने यादीबाहेर! लॉकडाऊनमध्ये बाबांनी त्याच्यावर शाळेचे ऑनलाइन तास घेतले आणि २०२३ मध्ये मला ॲडमिशन मिळाली तेव्हा तो माझ्याकडे आला. मी फोनवर म्हटलं, "बाबा, नवीन घ्यावा लागेल बहुतेक." बाबा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. बाबांच्या रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलीत. मी लगेच म्हटलं, "नको, थांबा. मी काहीतरी करते."

ते 'काहीतरी' म्हणजे लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलं होतं की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्याएवढाच! आज आपले अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या कर्नलवर चालतात. मी त्यातली उबुंटू निवडली, २४.०४ ही आवृत्ती. आकडा बघून घाबरू नका, ती एप्रिल २०२४ मध्ये आली म्हणून २४.०४, इतकं सोपं आहे. तिला पाच वर्षं, म्हणजे २०२९ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट्स आहेत आणि माझ्या सातव्या पिढीवर तिचा काहीच राग नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी कामाला लागले. जवळजवळ सहा जीबीची आयएसओ फाइल लायब्ररीच्या लॅनवर उतरवली (होस्टेलच्या वाय-फायबद्दल न बोललेलं बरं). उतरवलेली फाइल अर्धवट किंवा भेसळीची नाही ना, हे तपासायला साइटवर दिलेला शा-२५६ चा चौसष्ट अक्षरी आकडा पडताळून पाहिला. सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर ती फाइल रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने चढवली. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, पेनड्राइव्ह बूट होईल असा बनवावा लागतो. लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ-१२ दाबलं (कुठल्या लॅपटॉपला एफ-९ असतं, कुठल्याला एस्केप), पेनड्राइव्ह निवडला, आणि समोर उबुंटू! इन्स्टॉल न करताही नुसत्या पेनड्राइव्हवरून ती चालवून बघता येते. वाय-फाय चालतंय का, आवाज येतोय का, टचपॅड नीट आहे का, सगळं बघितलं. रूममेट म्हणाली, "अगं, तू तर एक्सपर्ट झालीस!" मला जरा चढलीच.

आणि इथेच माती खाल्ली.

इन्स्टॉलरने विचारलं, कुठे टाकायचं? एक पर्याय होता विंडोजच्या शेजारी, दुसरा होता 'इरेझ डिस्क'. मला विंडोज नकोच होती. सी ड्राइव्हवरचं माझं सगळं मी आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवलेलं होतं. डी ड्राइव्हची काळजी नव्हती, कारण 'डॉक्टर'ने फॉरमॅट मारला तेव्हा डी शाबूत राहिला होता. मी 'इरेझ डिस्क' निवडलं. शाळेत बारा वर्षं इंग्लिशमध्ये पहिली येणारी मी, ते दोन शब्द वाचले आणि पुढे गेले. शब्द कळले होते. पण सी आणि डी ही दोन कपाटं नसतात, एकाच कपाटाचे दोन खण असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डिस्क म्हणजे अख्खं कपाट! 'डॉक्टर'ने फक्त वरचा खण रिकामा केला होता. मी कपाटच रिकामं केलं.

डीमध्ये 'शाळा' नावाचं एक फोल्डर होतं. बाबांच्या प्रश्नपत्रिका. २००९ पासूनच्या, आधीच्या डेस्कटॉपवरून उचलून आणलेल्या. चाचणी, सहामाही, सराव परीक्षा, तीनशेच्या वर फाइली. ताईच्या लग्नाचे फोटो ताईकडेही होते. या प्रश्नपत्रिका दुसऱ्या कुणाकडेच नव्हत्या.

बाबांना फोन करायला मला दोन तास लागले. शेवटी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "जेवलीस का?" आणि फोन ठेवताना, "त्यातला दोन हजार बाराचा सहामाहीचा पेपर सापडला तर बघ. तो चांगला उतरला होता." बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं.

फायनल इयरच्या एका ताईने धीर दिला. तिने पहिली गोष्ट सांगितली, लॅपटॉप बंद कर आणि त्या डिस्कवर आता काहीही लिहू नकोस. फॉरमॅट केल्यावर जुना मजकूर लगेच पुसला जात नाही. कुठली फाइल कुठे आहे याची यादी तेवढी जाते, मजकूर तिथेच पडून असतो, त्याच्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. पेनड्राइव्हवरून सिस्टीम चालवून आम्ही फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला आणि सापडेल ते तिच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर काढत गेलो. रात्रभर चाललं. सकाळी हजारो फाइली होत्या, एकीलाही मूळ नाव नाही, नुसते 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडे. माझ्या लॅपटॉपची डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची, म्हणून एवढं तरी मिळालं. नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिथे फॉरमॅट करताना 'हे ब्लॉक आता रिकामे समजा' असं डिस्कलाच कळवलं जातं आणि मग बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही. एसएसडीवाल्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं!

त्या ढिगातून वर्डच्या फाइली वेगळ्या केल्या, एक उघडली, आणि आत सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. मला वाटलं, फाइल फाटली. फाइल ठीक होती. बाबांनी त्या एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. असल्या फॉन्टमधल्या फाइलीत मराठी नसतंच मुळी! आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा घालतो. मुखवटा काढला की खालचं कडबोळं दिसतं. युनिकोडचं तसं नाही. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'अ' म्हटला की ०९०५, मग विंडोज असो, लिनक्स असो की मोबाइल. आणि युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. ज्या वर्षी लिनक्स आली त्याच वर्षी.

बाबांनी शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरमधून तो फॉन्ट शोधून मेलवर पाठवला. मी तो फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला, फाइल परत उघडली, आणि पहिल्या ओळीत दिसलं: 'सूचना : सर्व प्रश्न सोडविणे आवश्यक आहे.' खरं सांगते, एवढ्या वर्षांत प्रश्नपत्रिका बघून मला पहिल्यांदाच आनंद झाला!

एकशे ऐंशीच्या आसपास फाइली वाचल्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्या. मी रोज रात्री मेसनंतर थोड्या थोड्या युनिकोडमध्ये बदलून घेतेय, आणि त्यानिमित्ताने माझं मराठी व्याकरण सुधारतंय असं बाबांचं म्हणणं. दोन हजार बाराचा सहामाहीचा पेपर अजून सापडलेला नाही.

आता कुणी म्हणेल, "बघ, म्हणूनच 'डॉक्टर'कडे द्यायचं! स्वतः करायला गेलीस आणि घालवलंस." रूममेट हेच म्हणाली. यावर मी खूप विचार केला. 'डॉक्टर'ने डी ड्राइव्ह वाचवला हे खरं. पण मला डिस्क आणि ड्राइव्हमधला फरक कळला नाही, कारण पहिल्या वेळी ते काम माझ्यासमोर झालंच नव्हतं. लॅपटॉप गेला आणि ठीक होऊन आला, मधलं काहीच मी बघितलं नाही. तेव्हा शेजारी बसून बघितलं असतं तर दुसऱ्या वेळी चुकले नसते. आणि फोटोंचा प्रसंगही घडला नसता.

दुसरा आक्षेप मेकॅनिकलच्या मित्राचा. "गाडी चालवायला इंजिन उघडता यावं लागतं का?" नाही लागत. पण स्टेपनी बदलता आलेली बरी, विशेषतः रात्री अकरा वाजता घाटात असताना. आणि आमच्यासाठी रोजच रात्रीचे अकरा आणि रोजच घाट! मुलांचं बरं आहे, रात्री एक वाजता लॅपटॉप अडला तरी चप्पल सरकवून दोन खोल्या पलीकडे जातात. आमचं गेट बंद. उद्या व्हायवा आणि आज रात्री लॅपटॉप चालू होत नाही, अशा वेळी मुलीने काय करायचं? रजिस्टरमध्ये सही करून उपयोग नाही. आपल्याच मजल्यावर कुणाला तरी यायला हवं.

तिसरा आक्षेप जास्त खरा आहे. लिनक्सवर सगळं चालत नाही. सॉलिडवर्क्स नाही, ऑटोकॅडही नाही, त्यामुळे मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांना विंडोज लागतेच. मॅटलॅब चालतं, अँसिसही चालतं. सर्किटसाठी कायकॅड आहे, मॅटलॅबच्या जागी सायलॅब किंवा ऑक्टेव्ह आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतूनसुद्धा ऐकायला मिळतात, हे मला बाबांना सांगताना भारी वाटलं. वर्डच्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात, पण कधीकधी मांडणी हलते आणि मॅडम म्हणतात 'मार्जिन चुकलंय'. म्हणून प्रत्येकाने लिनक्सच टाकावी असा माझा हट्ट नाहीच. विंडोज टाका, लिनक्स टाका, दोन्ही शेजारी शेजारी टाका. पण टाका स्वतः.

आणि टाकायच्या आधी एवढं नक्की करा. सगळा डेटा, सी-डी न बघता सगळाच, दुसऱ्या ठिकाणी काढा, आणि काढलेल्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा. विंडोज ११ चा नवा लॅपटॉप असेल तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते, म्हणून तिची अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, नाहीतर दार लागतं आणि किल्ली आत. दोन्ही सिस्टीम ठेवायच्या असतील तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपलेली असते. नव्या सिस्टीमला वाय-फाय ओळखता आलं नाही तर घाबरू नका, मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट वापरा आणि ड्रायव्हर उतरवा. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री कुठलंही अपग्रेड करू नका! उबुंटूवाले स्वतःसुद्धा एका दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून दुसरीवर जायचं आमंत्रण लगेच देत नाहीत. नवीचं पहिलं दुरुस्त रूप, म्हणजे 'पॉइंट वन', येईपर्यंत थांबतात. ते थांबतात आणि आपल्यालाच घाई!

आता थोडं सरांसाठी आणि मॅडमसाठी. फर्स्ट इयरला आम्ही सगळ्यांनी वर्कशॉप केलं. मी कॉम्प्युटर ब्रँचची, तरी फिटिंगचा जॉब केला, लोखंडाचा तुकडा कानस घेऊन घासत बसले. हाताला फोड आले. तेव्हा चिडचिड झाली होती. आज मला त्याचं मोल कळतं, कारण एक मिलिमीटर म्हणजे काय हे पुस्तकात वाचून कळत नाही, हाताने घासल्यावरच कळतं. मग माझं विनम्र म्हणणं असं, की कॉम्प्युटरच्या मुलीला जर फिटिंगचा जॉब, तर मेकॅनिकलच्या मुलाला एक ऑपरेटिंग सिस्टीमचा जॉब का नको? फर्स्ट इयरला एकच प्रॅक्टिकल. लॅबमधल्या जुन्या, मोडीत काढायच्या मशीन्सवर करू दे. डिस्क पुसू दे, चुकू दे, परत करू दे. त्या मशीनमध्ये कुणाच्या बाबांच्या प्रश्नपत्रिका नसतील. चूक करायला सुरक्षित जागा देणं हेही वर्कशॉपचंच काम आहे ना?

आणि ते होईपर्यंत आपलं आपण. आमच्या मजल्यावर आम्ही सुरुवात केलीय. महिन्यातल्या एका शनिवारी कॉमन रूममध्ये बसतो. आत्तापर्यंत पाच जणींनी स्वतःचा लॅपटॉप स्वतः केला. त्यातली सिव्हिलची एक इन्स्टॉलचं बटण दाबायच्या आधी पंधरा मिनिटं नुसती बसून होती. तिने मला विचारलं, "हे सगळं जाईल का गं?" मी विचारलं, "डिस्क म्हणजे काय?" तिने बरोबर सांगितलं. "बॅकअप उघडून बघितलास?" बघितला होता. मग तिने दाबलं. मला तिच्या हातातून माउस घ्यायचा फार मोह झाला होता, म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

त्या 'डॉक्टर' मित्राला मी हा लेख आधी वाचायला दिला. तो थोडा ओशाळला. मग म्हणाला, "खरंय गं, मला पण कुणी शिकवलं नव्हतं. मी पण दुसऱ्याचाच लॅपटॉप बिघडवून शिकलो." आता तोही बॉईज होस्टेलला लोकांना समोर बसवूनच करतो, आणि ॲक्टिव्हेटर बंद केलाय. वडापावची फी मात्र चालू आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी लॅपटॉप अडला तर पासवर्डची चिठ्ठी लिहायच्या आधी आमच्या कॉमन रूममध्ये या. येताना पेनड्राइव्ह आणा, आणि बॅकअप घेतल्याशिवाय येऊ नका. मी करून देणार नाही. शेजारी बसेन.